मृगातला लाल हायड्रोजन : जुना कॅमेरा, दोन सुती रॉड आणि पाच महिने

६ ऑक्टोबर २०२४, रविवार

औशात माझं मोबाइल रिपेअरिंगचं दुकान आहे. शेत तिथून नऊ किलोमीटर. मृग नक्षत्राभोवती आयनित (इलेक्ट्रॉन सुटलेल्या) हायड्रोजनचा एक मोठा कंस पसरलाय, बार्नार्डचा कंस म्हणतात त्याला. तो फोटोत पकडायचाय. डोळ्यांना तो दिसत नाही. त्याचा लाल उजेड ६५६.२८ नॅनोमीटरला येतो. कॅमेऱ्याच्या सेन्सरला तो कळतो, पण माणसांचे चेहरे तांबडेलाल येऊ नयेत म्हणून सेन्सरपुढं एक निळसर काच बसवलेली असते आणि ती या उजेडाचा जेमतेम पाव भाग आत सोडते. ती काच काढायची, एवढाच बेत.

मेहुणा लग्नाचं शूटिंग करतो. त्याच्याकडं कॅननची जुनी १२ मेगापिक्सेलची बॉडी पडून होती. सहा हजार. "दाजी, तुम्हाला म्हणून," म्हणाला. बाजारात पाचला मिळते, हे नंतर कळलं.

१३ ऑक्टोबर, रविवार

काल दसरा झाला, हत्यारांची पूजा झाली. आज कॅमेरा उघडला. रोज दहा मोबाइल उघडतो, हे काय अवघड, असं वाटलं होतं.

पहिली चूक, बॅटरी काढली की कॅमेरा मेला असं धरलं. वरच्या फ्लॅशचा कपॅसिटर तीनशे व्होल्टच्या आसपास चार्ज धरून बसतो, बॅटरी काढून दिवस झाला तरी. पट्टी सोडवताना बोट लागलं आणि हात कोपरापर्यंत झणाणला. स्क्रूड्रायव्हर थेट काउंटरखाली. त्यानंतर झिरोच्या बल्बला दोन वायरी जोडून कपॅसिटर रिकामा केला. बल्ब क्षणभर लुकलुकतो आणि विझतो. हे आधी करा.

दुसरी चूक महागात पडली. सेन्सरपुढं एक नाही, दोन काचा असतात. पुढची धूळ झटकणारी असते आणि अवरक्त (इन्फ्रारेड) उजेडही तीच अडवते. मागची निळसर, आपल्याला नको असलेली. पुढची काढून बाजूला ठेवायची, मागची काढायची, पुढची परत बसवायची. मी मोबाइलचा डिस्प्ले उचकटतो तसा ओपनर घातला. पुढच्या काचेला कोपऱ्यापासून केसासारखी चीर गेली, बघता बघता ती मधोमध आली. आता दोन्ही काचा बाहेर आणि सेन्सर उघडा.

दुकान दिवसभर बंद. दोन गिऱ्हाईकं शेजारच्याकडं गेली, ते वेगळंच.

१९ ते २४ ऑक्टोबर

काचा गेल्या की फोकस सरकतो. काच जितकी जाड, त्याच्या साधारण एक तृतीयांश. माझ्या ५० मिमीच्या लेन्सची रिंग शेवटाला टेकली तरी दूरचा मोबाइल टॉवर धूसरच. सेन्सर थोडा पुढं, लेन्सकडं आणावा लागतो. तो तीन बारीक स्क्रूंवर बसलेला असतो.

खरी परीक्षा तिथं. तीन स्क्रू, त्यातला एक जरी पाव फेरा जास्त झाला तरी सेन्सर तिरका. रात्री गच्चीवरून तारे घेतले, तर डाव्या बाजूचे टाचणीच्या टोकासारखे आणि उजव्या बाजूचे मक्याच्या दाण्यासारखे. शेवटी दुकानाच्या भिंतीवर वर्तमानपत्राचं छोट्या जाहिरातींचं पान चिकटवलं, पाच मीटरवरून लेन्स पूर्ण उघडी ठेवून फोटो काढला आणि चारही कोपऱ्यांतली अक्षरं ताडून पाहिली. "भाड्याने देणे" चारही कोपऱ्यांत सारखं वाचता आलं की झालं. सात वेळा कॅमेरा उघडला. सहाव्या वेळी एक स्प्रिंग उडाली, ती चुंबकानं फरशीवरून शोधायला पाऊण तास.

कुठल्या स्क्रूला किती फेरा दिला, ते वहीत लिहीत चला. मी तिसऱ्या वेळेपासून लिहायला लागलो. त्याआधीचं सगळं अंदाजपंचे.

१ नोव्हेंबर, लक्ष्मीपूजन

अमावास्या, पण फटाक्यांचा धूर. काही केलं नाही.

३ नोव्हेंबर

पहिला आभाळाचा फोटो. ट्रायपॉडवर, ताऱ्यांमागं कॅमेरा फिरवायची सोय नसताना, आठ-आठ सेकंदांचे चाळीस. मृग रात्री दहानंतर वर येतो. फोटो सगळे गुलाबी, आणि फोकस कितीही जमवला तरी ताऱ्यांभोवती पिसारा. अवरक्त अडवणारी काच मीच फोडली. लेन्स लाल उजेड एका जागी गोळा करते, अवरक्त दुसऱ्या जागी, मग तारा फुगतो.

उपाय एकच, लेन्सच्या तोंडावर ४०० ते ७०० नॅनोमीटर एवढंच सोडणारा फिल्टर, ५२ मिमीचा. ३,८०० रुपये. हा दसऱ्याचा दंड. त्यातल्या त्यात बरं एवढंच, की लेन्सच्या पुढं लावलेली काच फोकस हलवत नाही, त्यामुळं वर्तमानपत्राचं पान पुन्हा चिकटवावं लागलं नाही.

९ नोव्हेंबर

आता आभाळासोबत कॅमेरा फिरवायचं यंत्र. दोन लोखंडी पट्ट्या, मध्ये बिजागरी, एक रॉड एका पट्टीला ढकलत दुसरीपासून उघडतो. बिजागरीचा दांडा ध्रुवाकडं रोखला की झालं. एका मिनिटात एक फेरा आणि आट्यांमधलं अंतर १ मिमी असेल, तर बिजागरीपासून रॉड २२८.६ मिमीवर हवा. सहा एमएमच्या रॉडचे आटे असतात १ मिमीचे.

लातुरात गंजगोलाईजवळून रॉड, दोन नट, वॉशर घेतले, ९० रुपये. वेल्डिंगवाल्या चाचांनी पट्ट्या कापून बिजागरी बसवून दिली, ४५० रुपये. घराच्या दाराची बिजागरी मी नेली होती, ती हलवून बघून त्यांनी बाजूला टाकली. "ही तर पाळणा झुलते बेटा." स्वतःकडची लांब पट्टी बिजागरी लावली. गिअरवाली छोटी स्टेपर मोटर, ड्रायव्हर आणि आर्डुइनो (मोटर चालवायचा प्रोग्राम टाकायचा छोटा बोर्ड) मिळून ६२० रुपये.

१६ नोव्हेंबर

काल कार्तिकी पौर्णिमा झाली. चांदण्यात तेजोमेघ येत नाहीत, पण तारे येतात. मोजमापाची कामं म्हणून याच दिवसांत उरकावीत, अंधाऱ्या रात्री त्यात घालवू नयेत.

एका मिनिटाच्या फोटोत तारे ११ पिक्सेल लांब. यंत्र बंद ठेवलं तर ४२. म्हणजे यंत्र काहीतरी करतंय, पण पुरतं नाही.

२१ नोव्हेंबर

पाच दिवस ध्रुव जमवण्यात घातले. आपल्याकडं ध्रुव सव्वाअठरा अंशांवर, म्हणजे पार खाली, धुळीत. त्यात लातूरचा उजेड बरोबर त्याच बाजूला. त्यात अण्णांनी बांधाला लागून ऊस लावलाय. उंच उसासमोर जवळ उभं राहिलं की ध्रुव गायब. हरभऱ्याच्या वावरात सरकलो. सकाळी पँट गुडघ्यापर्यंत आंबेनं ओली आणि पायाला खाज.

ध्रुव रोखायला ठिबकची १६ एमएमची नळी फूटभर कापून बिजागरीला बांधली. नळीतून ध्रुव मध्यावर दिसला की दीड अंशाच्या आत आपण असतो. दीड अंशाची चूक ५० मिमीच्या लेन्सला मिनिटात एक पिक्सेल ओढते. मग ११ कुठून येतात?

२३ नोव्हेंबर

चाचांकडं यंत्र नेलं. त्यांनी रॉडशेजारी पट्टी धरली, अंगठ्याच्या नखानं आटे मोजले. "बेटा, हा मीटरचा आटाच नाही. दोन सुती हाय हा."

दोन सूत म्हणजे पाव इंच. पाव इंची रॉडला इंचात २० आटे, एक आटा १.२७ मिमीचा. जाडी ६.३५ मिमी, बघून फरक कळतच नाही. सहा एमएमचा नट त्यावर चढला नसता, पण नटही त्याच दुकानातून त्याच मापाचे आलेले. म्हणजे माझं यंत्र २७ टक्के जास्त वेगानं पळत होतं, सेकंदाला चार आर्कसेकंद (आर्कसेकंद म्हणजे अंशाचा ३६००वा भाग). मिनिटाला ते बरोबर ११ पिक्सेल भरतात. तारे मागं रेंगाळत नव्हते, कॅमेरा पुढं पळत होता, आणि फोटोतल्या रेघेला दिशा नसते.

गाडीला किक मारून रॉड बदलायला लातूरला निघालो. निम्म्या वाटेत डोक्यात आलं की मोटर आपल्याच प्रोग्रामवर चालते. मिनिटाला एकऐवजी ०.७८७ फेरे केले की काम झालं. माघारी फिरलो. एक ओळ बदलली. एक आठवडा आणि निम्म्या लातूरचं पेट्रोल.

(या मोटरच्या एका फेऱ्याला २०४८ स्टेप्स असं सगळीकडं लिहितात, प्रत्यक्षात २०३८च्या जवळ भरतात. अर्ध्या टक्क्याचा फरक. ५० मिमीला दुर्लक्ष करा.)

१ डिसेंबर

अमावास्या. ढग.

७ डिसेंबर

चंद्र मावळल्यावर, मध्यरात्रीच्या पुढं, दोन तास मिळाले. गुरू रोहिणीजवळ आहे, त्यावर फोकस जमवला. पहिला अर्धा तास फोटो छान, मग सगळं आभाळ हळूहळू खाली घसरायला लागलं. आदल्या दिवशी अण्णांनी हरभऱ्याला पाणी दिलेलं. काळ्या मातीत ट्रायपॉडचा एक पाय इंचभर रुतला. घरामागं शहाबादी फरशीचे तुकडे होते, तीन आणून पायांखाली दिले. फुकटात झालेली ही एकच दुरुस्ती.

अडीचला लेन्सवर दव. आईनं तव्यावर जाडं मीठ गरम करून पुरचुंडी बांधून दिली, गुडघ्याला शेकतात तशी. लेन्सच्या खालच्या अंगाला रबरबँडनं बांधली. चाळीस मिनिटं चालते. दोन पुरचुंड्या आलटूनपालटून. उष्णता बाजूनं द्या, काचेसमोर धरू नका.

३० डिसेंबर, वेळ अमावास्या

अंधारी रात्र आणि सगळं गाव शेतात. दुपारी भज्जी, आंबील, उंडे. संध्याकाळी हेंडगा पेटवून वावराला फेरी. दहापर्यंत माणसं पांगली. साडेअकराला मृग जवळजवळ डोक्यावर. हा आपला फायदा बरं का, ध्रुव खाली गेला म्हणून रडायचं तर मृग बहात्तर अंशांवर येतो तेही धरायचं.

एका मिनिटाचे नव्वद फोटो. दर तीस फोटोंनंतर रॉड मागं फिरवून पुन्हा मांडणी. रात्री दोनला शेतातच लॅपटॉपवर घाईघाईनं एकावर एक जोडून पाहिले आणि मृगाच्या डाव्या अंगाला लाल कंस! घरच्या, मेहुण्याच्या, वर्गमित्रांच्या, सगळ्या ग्रुपवर टाकला. "बार्नार्डचा कंस, आपल्या हरभऱ्यातून."

१ जानेवारी २०२५

तो कंस नव्हता.

नीट जोडणी करताना पहिल्या मांडणीतला पहिला आणि तिसावा फोटो एकावर एक ठेवला. तारे जागच्या जागी, कंस मात्र सरकलेला. अर्ध्या तासात कॅमेरा आभाळाबरोबर साडेसात अंश फिरतो. आभाळातली वस्तू ताऱ्यांसोबत राहते. जी सरकते ती जमिनीवरची. म्हणजे कुठूनतरी उजेड तिरका लेन्समध्ये शिरतोय. पण शेतात एकही दिवा नव्हता.

रात्री पुन्हा गेलो. टीव्हीचा रिमोट चालतो का हे दुकानात आम्ही मोबाइलचा कॅमेरा समोर धरून बघतो, अवरक्त दिवा त्यात जांभळट लुकलुकतो. सहज मोबाइल उघडून चहूकडं फिरवला. शेजारच्या विहिरीवर जांभळ्या ठिपक्यांचं कडं. मोटर आणि केबल चोरीला जाते म्हणून त्यांनी दिवाळीनंतर सीसीटीव्ही लावलाय, रात्री बघायला त्याला अवरक्त दिवे. माझा फिल्टर बहुतेक उजेड अडवतो, पण तिरक्या कोनातून आलेलं थोडं निसटतं, आणि उघड्या सेन्सरला थोडंही पुष्कळ.

त्यांना कॅमेरा बंद करा म्हणायचा प्रश्नच नाही, मागच्या वर्षी त्यांची केबल गेलीय. आमच्याच पंपाच्या खोलीच्या आडोशाला गेलो. शिवाय लेन्सला पाणी बाटलीचा बूड कापून, आतून काजळी फासून गळपट्टी केली. ग्रुपवर "तो कंस नव्हता" असं लिहिलं. त्याला एकानंही अंगठा दिला नाही.

१४ ते २६ जानेवारी

संक्रांत, दुकान, चांदणं. या दिवसांत फ्लॅट शिकलो. फ्लॅट म्हणजे एकसारख्या उजेडाचा कोरा फोटो. लेन्स कडेला अंधार करते, तो नंतर भागाकारानं काढता यावा म्हणून. हे मला आधी फालतू वाटलं होतं. पण ज्या वस्तूचा उजेड आभाळाच्या उजेडापेक्षा कमी, तिच्यापुढं कडेचा अंधार म्हणजे डोंगर. पांढरी बनियन लेन्सवर ताणायची, पहाटेच्या आभाळाकडं रोखायची, तीस फोटो. फोकस आणि बाटलीची गळपट्टी रात्री होती तशीच ठेवून.

२८ आणि २९ जानेवारी

दोन रात्री, दोन्ही स्वच्छ. साखर कारखान्याची झाक पश्चिमेला होती, पण मृग वर असेपर्यंत त्रास नाही. लेन्स २.८ वर, आयएसओ १६००, मिनिटाचे १९० फोटो. बावीस वाऱ्यानं हलले, ते काढले. १६८ उरले. फरशा, मीठ, बाटली, मोबाइलनं चौफेर तपासणी, सगळं केलं.

२ फेब्रुवारी

जोडणीचं सॉफ्टवेअर सिरिल, फुकट आहे. लॅपटॉपची जागा दोनदा भरली, लग्नाचे व्हिडिओ पेनड्राइव्हवर हलवले. एक गोष्ट मला उशिरा कळली. या सेन्सरवर चारातला एकच पिक्सेल लाल असतो, आणि हायड्रोजनचा हा उजेड जवळजवळ तेवढ्यालाच कळतो. बाकीचे तीन फक्त आभाळाची घाण आणतात. सिरिलमध्ये एच-अल्फा (हाच लाल उजेड) वेगळा काढायची सोय आहे, ती वापरली की लाल पिक्सेलच उरतात. चित्र काळंपांढरं होतं, पण मोकळं होतं.

कंस आहे. डाव्या अंगाला, बाणाच्या वरून सुरू होऊन राजन्य (रायजेल) ताऱ्याच्या दिशेला वळत जाणारा. फिका, कडा फाटलेल्या, एके ठिकाणी जाड. दोन्ही रात्रींचे वेगवेगळे जोडून पाहिले, ताऱ्यांच्या त्याच जागी. पहिला आणि शेवटचा फोटो पाहिला, सरकत नाही. शिवाय अगदी डाव्या कडेला शृंगाश्वातला रोझेट तेजोमेघ, मेदूवड्यासारखा, मध्ये भोक. तो मागितलाही नव्हता. बाणाखालचा मोठा तेजोमेघ मात्र मधोमध पांढराफट्ट जळलाय, त्याच्यासाठी पाच-पाच सेकंदांचे वेगळे घ्यायला हवे होते.

या वेळी ग्रुपवर काही टाकलं नाही.

५ फेब्रुवारी

प्रिंट घेऊन चाचांकडं गेलो. आर्क मारता मारता थांबले, काच वर केली. "जळतंय काय हे?"

जळत नाही. मोठा तापलेला तारा अतिनील उजेड फेकतो. त्यातला ९१.२ नॅनोमीटरच्या आतला उजेड हायड्रोजनचा इलेक्ट्रॉन उपटून टाकतो. तो भटकत पुन्हा कुठल्यातरी केंद्राला सापडतो आणि पायऱ्या उतरत खाली येतो. तिसरीवरून दुसरीवर उतरताना हा लाल उजेड निघतो. इलेक्ट्रॉन जागचा हललाच नसता तर लाल दिसलंच नसतं. तसा थंड हायड्रोजन २१ सेंटिमीटरच्या रेडिओ लहरीत ऐकावा लागतो, नारायणगावजवळ खोडदला त्यासाठी मोठ्या दुर्बिणी आहेत.

"गॅस किती भरलाय?" त्यांचा धंद्याचा प्रश्न. बाणाखालच्या दाट तेजोमेघातसुद्धा घन सेंटिमीटरला काही हजार कण. आपल्या श्वासातल्या हवेत तेवढ्याच जागेत एकावर एकोणीस शून्यांहून जास्त. कंसात तर बोटांवर मोजण्याइतके.

"म्हणजे सिलिंडर रिकामाच की." काच खाली.

२७ फेब्रुवारी

ही नोंद मी आधी करायला हवी होती. आपला खटाटोप कितपत कामाचा, हे बघायला मेहुण्याकडून त्याचा चालू कॅमेरा आणला, काचा शाबूत असलेला. तेच यंत्र, तीच लेन्स, तोच आडोसा. मृग आता अंधार पडल्याबरोबर डोक्यावर असतो. साठ फोटो. मग माझे साठ.

त्याच्या फोटोत रोझेट आला. फिका, पण भोकासकट आला. कंस आला नाही, निदान तासाभरात नाही. माझ्या साठांत कंस कसाबसा.

म्हणजे काच काढल्यानं फरक नक्की पडतो, चौपट उजेड थोडा नाही. पण माझे पाच महिने काचेत गेले नाहीत. ते रॉडमध्ये, मातीत, दवात, बनियनमध्ये गेले, आणि हे सगळं काच न काढताही शिकता आलं असतं. ई. ई. बार्नार्डनं हा कंस १८९४ मध्ये टिपला तो कंदिलाच्या स्लाइड दाखवायच्या यंत्रातल्या स्वस्त लेन्सनं, आणि त्या काळच्या प्लेटा लाल रंगाला आंधळ्या होत्या. कुणी सुरुवात करणार असेल तर आधी यंत्र करा, शाबूत कॅमेऱ्यानं रोझेट काढा, आणि तो आला तरच स्क्रूड्रायव्हर हातात घ्या.

खर्च : बॉडी ६,०००, लेन्सवरचा फिल्टर ३,८००, चाचा ४५०, रॉड-नट ९०, मोटर आणि सामान ६२०, पेट्रोल धरलेलं नाही. बंद दुकानाचा एक दिवस धरलेला नाही. लेन्स घरातली होती.

२ मार्च

मृग आता मध्यरात्रीनंतर टेकतो, त्यात वारा सुटलाय. कॅमेरा गव्हाच्या कोठीशेजारी नको म्हणून दुकानात नेऊन ठेवला. पाऊस लागायच्या आत, मेमध्ये, धनू राशीकडचा एखादा तेजोमेघ जमतो का बघायचं. तो दक्षिणेला, तिकडं ना लातूर ना ऊस. विहिरीचा सीसीटीव्ही मात्र नेमका तिकडंच आहे, तेव्हा बाटली लांब करावी लागेल. दोन लिटरची घेतलीय.